गावच्या रेडिओवर थेट मैफल: कोणासाठी आणि किती वाजता?

आर्वीकर
आमच्या तालुक्यात एका संस्थेचा सामुदायिक रेडिओ सुरू व्हायच्या बेतात आहे. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, दहा-बारा किलोमीटरचा पल्ला. शेतीसल्ला, बाजारभाव, आरोग्य हे येणारच. मी बैठकीत एक सुचवलं आणि हशा पिकला: आठवड्यातून एकदा शास्त्रीय गाण्याची मैफल थेट लावा आणि मधे कलाकाराला बोलतं करा. कोणाकडे शिकला, पोट कशावर भरतो, घरच्यांनी किती बोलणी दिली.

शहरातली मैफल संध्याकाळी सुरू होते, रात्री दहाला भोंगे बंद. त्यामुळे यमन आणि मारवा या संध्याकाळच्या रागांची चंगळ, पण तोडी, मुलतानी, सारंग या सकाळ-दुपारच्या रागांना वाली नाही. दुपारचा राग दुपारी ऐकवणं रेडिओलाच जमतं. दीड वाजता निंदण चालू असताना वृंदावनी सारंग कानावर पडला तर कोणाचं काय बिघडतं?

आणि गोष्टी म्हणाल तर त्या आपल्याच मातीतल्या आहेत. शकुंतला गाडीमुळे मूर्तिजापूर सगळ्यांना ठाऊक. वसंतराव देशपांडे १९२० साली तिथे जन्मले, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले आणि कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत गात राहिले, हे किती पोरांना माहीत आहे? हसणाऱ्यांनी इथे येऊन हसावं.

खंजिरीवाला
आलो हसायला.

हा प्रयोग देशाने एकदा करून पाहिला आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार केली आणि शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. लोकांनी काय केलं? काटा सिनेगीतं लावणाऱ्या रेडिओ सिलोनवर नेला आणि तिथल्या अमीन सयानींना घरात घेतलं. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

दुसरं, पेटीचं. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली, कारण तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (दोन सुरांमधल्या बारीक जागा) सापडत नाहीत. ती बंदी तीस वर्षं टिकली. आमच्या भजनी मंडळात पेटीशिवाय पान हलत नाही. म्हणजे जे वाद्य गावोगावी पोचलं होतं, तेच शास्त्राच्या नावाखाली बाहेर. आज तुमच्या रेडिओवर 'शास्त्रीय'चं दार कोण राखणार?

गुरुकुंज मोझरी आपल्यापासून किती लांब आहे? तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणणारी मंडळं गावागावांत आहेत, स्पर्धा होतात, पोरी खंजिरी वाजवतात. माइक न्यायचाच तर तिकडे न्या. दहा-बारा किलोमीटरच्या रेडिओवर पुण्याची आवड कशाला?

जागलकरी
माह्यं वावर जंगलाले लागून हाय. तूर भरली का रानडुकरं अन् रोही येतेत, रातभर माचीवर बसा लागते. पह्यले नागपूरहून आकाशवाणीचं थे राष्ट्रीय प्रसारण रातभर चालू राहे, १५६६ किलोहर्ट्झवर. कदी बातम्या, कदी गझल, कदी सतार. मले रागगिग काई समजत नाई बाप्पा, पन डुकराले आवाज अन् मले जाग, दोनी कामं होत. थे बंद झालं तवापासून मोबाईल लावतो, त्याची ब्याटरी पहाटे मरते. दुपारी दीडले काहून लावता? रातच्याले लावा ना.

दारव्ह्याची लेक
आर्वीकर, निंदण करणाऱ्या बायांना विचारलंत का? त्या वेळी आम्ही बोलत असतो. सासूचं, लेकराचं, बचत गटाच्या हप्त्याचं. कोणी गाणंही म्हणतं. आमच्या कानात सारंग ओतायचा आणि आमचं गाणं बंद पाडायचं, हे काही मला पटत नाही.

गोष्टी मात्र ठेवा, पण बायांच्या ठेवा. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या बायांपैकी. गाणाऱ्या बाईकडे तेव्हा लोक कोणत्या नजरेने बघत, आणि या बाई नेसत्या साडीत ताठ बसून गायच्या. ही गोष्ट आमच्या गावात ऐकवा, ख्याल (रागाचं सावकाश, विस्ताराने गाणं) नंतर बघू. लेझीमच्या पथकात मुलगी गेली तरी इथे चार जण बोलतात.

ठेकेदार
(नाव ठेक्यावरून आहे, बांधकामावरून नाही. तालुक्याच्या गावी तबला शिकवतो.)

'थेट' म्हणजे काय ते आधी ठरवा. टेप यायच्या आधी रेडिओवर सगळं थेटच होतं. गवई स्टुडिओत यायचा, दिवसातून दोन-तीन बैठकी गायचा, भिंतीवरचं घड्याळ बघत राग आवरायचा. अर्ध्या तासाच्या ख्यालाची शिस्त त्या घड्याळाने लावली. काहींना ती मानवली, काहींचा त्यात जीव गुदमरला. पुढे १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलनं सुरू झाली, समोर निमंत्रित श्रोते बसवून. का? भिंतीसमोर गाणं आणि माणसांसमोर गाणं यात फरक आहे म्हणून. तुम्ही थेट करणार असाल तर स्टुडिओत नको, देवळाच्या सभामंडपात करा. मधे कोणी खोकेल, लाइट जाईल, तानपुरा पुन्हा जुळवावा लागेल. ते सगळं जाऊ द्या हवेत.

आता गोष्टींचं. मला त्यांची धास्ती आहे. सूत्रसंचालक माइक सोडत नाही, आणि कलाकाराकडे तीच ती पुराणं: गुरूंनी दिवे पेटवले, गुरूंनी पाऊस पाडला. त्यापेक्षा विचारा, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तबल्याचं काय होतं? कोरड्या हवेत कातडं ताणतं, सूर चढतो. हातोडीने गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर सरकवत बसावं लागतं, आणि पावसाळ्यात नेमकं उलटं. हे शेतकऱ्याला लगेच कळेल, कारण हवेवर त्याचंही सगळं चालतं.

आणि मानधन? त्यावर कोणी बोललेलं नाही. एका रेडिओवाल्यांनी मला बोलावलं होतं, दोन तास वाजवून घेतलं आणि 'तुमचं नाव होईल' म्हणाले. नाव माझं बारशालाच झालंय.

संत्रानगरी
एवढी उठाठेव कशाला? आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून आहे. चोवीस तास शास्त्रीय, मोबाइलवर फुकट. ज्याला ऐकायचं तो ऐकतोच.

आर्वीकर
@संत्रानगरी, 'रागम्' मी रोज ऐकतो. तिच्यावर आमच्या तालुक्यातला पेटीवाला कधी येईल? आकाशवाणीवर गायचं तर आधी स्वरचाचणी, मग बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी. ती चाळणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पण बिनश्रेणीचा वीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा गाणार कुठे? लहान रेडिओचा उपयोग तिथे आहे.

@खंजिरीवाला, केसकरांचा दाखला लागू पडत नाही. त्यांनी दुसरं गाणं बंद केलं होतं. मी आठवड्यातला एक तास मागतोय, तुमची खंजिरी बंद करा म्हणत नाही. उलट एका बैठकीत दोन्ही ठेवा. भजनी मंडळाची पेटी आणि ख्यालाची पेटी शेजारी शेजारी वाजू द्या.

@दारव्ह्याची लेक, निंदणाचा मुद्दा मान्य. हिराबाईंचाही.

वडसेकर
गावच्या माणसाला शास्त्रीय कळत नाही, हे बैठकीतल्या हसणाऱ्यांना कोणी सांगितलं? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली की होळीपर्यंत नाटकं चालतात. थंडीत घोंगडी पांघरून माणसं रात्रभर बसतात. पदं प्रत्यक्ष गातात, वाद्यवाले रंगमंचासमोर बसलेले. पद रंगलं की वन्समोअर. रागाचं नाव विचारलं तर नाही सांगता येणार, पण गायक बेसूर झाला की पहिली शिट्टी मागूनच येते.

खंजिरीवाला
वडसेकर, ती माणसं पदासाठी बसत नाहीत, नाटकासाठी बसतात. गोष्ट, विनोद, नटी, शेजारच्या गावचा पाहुणा, चहा. त्यातून पद वेगळं काढून रेडिओवर लावा आणि मग बघा किती जण बसतात ते. थेट मैफलीची जान समोरच्या माणसांत असते, हे ठेकेदारही म्हणताहेत. घरात बसलेल्याला रेडिओवर दुसऱ्यांच्याच टाळ्या ऐकू येणार.

आर्वीकर, दोन्ही पेट्या शेजारी ठेवायचा तुमचा प्रस्ताव बरा वाटतो, पण होणार काय ते मला ठाऊक आहे. ख्यालवाल्याला पाऊण तास आणि भजनी मंडळाला 'वेळ कमी आहे, एकच भजन म्हणा.' आधी मिनिटं लिहून द्या.

वडसेकर
बरोबर, गोष्टीसाठी बसतात. म्हणून तर आर्वीकर गाण्याला गोष्ट जोडा म्हणतोय.

जागलकरी
थे मिनिटं राहू द्या. माह्या नव्या मोबाईलात रेडिओच नाई. जुन्यात हाय, पन त्याले हेडफोनची वायर टोचल्याशिवाय टेशन धरत नाई. वायर कानात घातली का डुकराचा आवाज कसा आयकू येईन? ज्याईले रेडिओ काढाचा हाय त्याईनं पह्यले हे पाहा.

ठेकेदार
@जागलकरी, हेडफोन टोचा आणि स्पीकर चालू करा. वायर फक्त अँटेनाचं काम करते, कानात घालायची गरज नाही.

@आर्वीकर, मिनिटांइतकाच वाराचाही घोळ आहे. तुमचा पेटीवाला मी ओळखतो, तालुक्यात दुसरा आहे कोण! तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दुपारी दीडला चौथीचं गणित घेत असतो. रविवार म्हणाल तर आमच्याकडे बाजार, आणि गायला तयार झालेल्या पोराचं बाजारात कापडाचं दुकान आहे. थेट सारंग पाहिजे असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवा, नाहीतर जागलकरी म्हणतात तसा रात्री दरबारी हा रात्रीचा राग लावा. त्याला मी यायला तयार आहे. पण मानधन ठरवून.