दानीएलाची रोजची उपकारस्तुती

एका ताईंनी विचारलंय, मनात काही दाटून आलेलं नसताना ठरल्या वेळी देवाचे आभार मानणं हे ढोंग नाही का? मला नाही वाटत तसं. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 6 वा अध्याय काढा. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही, नाहीतर सिंहांच्या गुहेत, असा हुकूम निघाला. ते कळूनही दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या उघड्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकून त्याने उपकारस्तुती केली, अगदी पूर्वीसारखीच. तेव्हा त्याला भरून आलं होतं की धडकी भरली होती, हे तिथे लिहिलेलंच नाही. सवय जुनी होती, ती हुकमाने सुटली नाही.

खरी अडचण मला ढोबळपणाची वाटते. आमच्याकडे रात्रीच्या प्रार्थनेत 'सर्व आशीर्वादांबद्दल' म्हटलं की आमेन, आणि सगळे ताटावर. आजी मात्र नावानिशी सांगायची: आज नळाला पाणी आलं, धाकट्याचा ताप उतरला, उसने दिलेले पैसे परत मिळाले. (शेवटच्यावर आम्ही फिदीफिदी हसायचो.) बायबलमधलं 136 वं स्तोत्र तसंच आहे. 26 वचनांत पालुपद एकच, पण सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, सीहोन आणि ओग या शत्रू राजांचा पाडाव, शेवटी प्राणिमात्राला अन्न, असं एकेक मोजून सांगितलंय.

आणि दिवस वाईटच गेला असेल तर खुशाल आधी गाऱ्हाणं घाला. 13 वं स्तोत्र तक्रारीनेच सुरू होतं.