मदत हवी आहे : शिणाण्यांच्या पेशींत न्यूट्रल रेड टिकत नाही

दाभोळ खाडीतल्या शिणाण्यांवर (हिरव्या शिंपल्यांवर) न्यूट्रल रेड चाचणी चालू आहे : पेशीतल्या पिशव्या (लायसोसोम) हा लाल रंग किती वेळ धरून ठेवतात ते पाहायचं; ताणाखालचा जीव तो लवकर सोडतो. खाडीच्या आतल्या, प्रदूषित बाजूचा माल अर्ध्या तासात रंग सोडतो, ते अपेक्षितच. पण खाडीबाहेरच्या खडपावरचा, तुलनेसाठी घेतलेला मालही तेवढ्यातच सोडतो. पेशी गोल होतात, रंगाचे ठिपके विरघळून आतला द्रव गुलाबी होतो. धडधाकट शिणाण्यात रंग दोन तास तरी टिकायला हवा.

पद्धत नेहमीचीच : मागच्या स्नायूतून हिमोलिंफ (शिणाण्याचं रक्त), तेवढंच सलाइन, पॉली-लायसिनचा (पेशी चिकटवणारा) लेप दिलेल्या स्लाइडवर ४० मायक्रोलिटर, दमट डब्यात १५ मिनिटं, मग रंग. रंगाचं द्रावण ताजं केलं, सलाइनची क्षारता (खारेपणा) नमुन्याच्या पाण्याशी जुळवली, माल ६-७ सेंमीचाच घेतला. बर्फ नाही, ओल्या गोणपाटातून आणतो. फरक शून्य.

संशय पावसाच्या गोड्या पाण्यावर आहे. नमुने सप्टेंबरचे, बाहेरही क्षारता दर हजारी २० च्या खाली होती. अंडी सोडण्याचा ताणही असू शकतो. नमुने गोठवायला द्रव नायट्रोजन नाही, त्यामुळे एन्झाइमच्या चाचण्या सध्या बाद.

माल ४८ तास ३० क्षारतेच्या स्वच्छ पाण्यात ठेवला तर गोड्या पाण्याचा परिणाम जाऊन प्रदूषणाचा तेवढा उरेल, की दोन्ही पुसले जातील? आणि स्लाइड किती तापमानाला ठेवता? युरोपातल्या कृतींतलं थंड तापमान आपल्या शिणाण्यांना चालतं का?