सिकलसेल असलेल्या मुलीला वर्गात मुभा देणं म्हणजे लाड का?

धागाकर्ता – जि. प. शिक्षक, यवतमाळ जिल्हा

आमची शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. तिसरीतल्या एका मुलीला सिकलसेल आहे. तिच्यासाठी मी चार गोष्टी केल्या. पाण्याची बाटली बाकावरच ठेवायची, लघवीला न विचारता जायचं, परिपाठाच्या वेळी उन्हात उभं न राहता ओसरीत बसायचं, आणि दुखण्यामुळे बुडालेली घटक चाचणी नंतर द्यायची. परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकांनी यावर हरकत घेतली. "एकीचे लाड, बाकीच्यांना शिस्त. हा कुठला न्याय?"

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली किंवा फार दमणूक झाली की असह्य वेदना सुरू होतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, सिकलसेल त्यातलाच एक. आपल्या पूर्व विदर्भात तर हे दुखणं गावोगाव आहे. तरी आपल्या मनात दिव्यांग म्हटलं की कुबडी नाहीतर काळा चष्माच येतो. ही मुलगी दिसायला धडधाकट आहे, म्हणूनच तिला ऐकून घ्यावं लागतं. तुमचं मत सांगा.

प्रतिसाद 1 – सहायक शिक्षक, वाशीम

सर, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण मी सहमत नाही. माझ्यासमोर एकाच खोलीत तीन इयत्ता बसतात. 60 पटापर्यंत दोन शिक्षक हा शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब. त्यातला एक ऑनलाइन माहिती भरण्यात नाहीतर बैठकीत. आज तुमच्याकडे एक मुलगी आहे. उद्या एक कमी ऐकणारा, एक मतिमंद आणि एक झटके येणारा आला, तर प्रत्येकासाठी वेगळा नियम मी एकटा कसा पाळू? त्या मुलीला वर्गातच कळ आली आणि काही बरंवाईट झालं, तर गाव कोणाला धरेल?

सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 ला सांगितलं, प्राथमिकमध्ये अशा दर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आमच्याकडे गटसाधन केंद्राचे फिरते शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे अख्खा तालुका. आधी ती पदं भरा. नाहीतर हे सगळं ओझं वर्गशिक्षकाच्याच डोक्यावर येतं आणि बाकीच्या पंचवीस लेकरांचं वाचन मागे पडतं. तीही गरिबाचीच लेकरं आहेत.

प्रतिसाद 2 – एक आई

माहा पोरगा आता सहावीत हाय, त्याले एसएस सिकलसेल हाय, म्हंजे माय अन् बाप दोघाकडूनही आलेला. तिसरीत होता तवा वर्गातून लघवीले सोडत नव्हते, म्हणून तो पाणीच पेत नव्हता. भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच वापस ये. मले वाटे, शाळेत पेत असन. डिसेंबरात एका राती पाय अन् पाठ असे दुखाले लागले का लेकरू भितीले डोकं आपटे. ग्रामीण रुग्णालयात तीन दिवस सलाईन. डॉक्टरनं इचारलं, पाणी किती पेते? तवा समजलं. कापूस येचाचे दिवस होते, मजुरी बुडली, ते जाऊ द्या. पण एक बाटली अन् एक सुट्टी देल्लं असतं तं हे झालं नसतं. याले लाड म्हणता का जी?

प्रतिसाद 3 – वरोरा

माझा भाचा जन्मापासून ऐकू शकत नाही. गावच्या शाळेत तो दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसला. हजेरी पूर्ण, शिकला शून्य. पुढे त्याला आनंदवनातल्या मूकबधिर शाळेत घातलं. तिथे त्याला खुणांची भाषा मिळाली, मित्र मिळाले. म्हणून "सगळे एकाच वर्गात" याचं मला भय वाटतं. कायद्यानेही 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, दोन्ही मोकळ्या ठेवल्या आहेत. शिक्षकाला येत नसेल तर लेकरू त्याच्याकडे ठेवू नका.

प्रतिसाद 4 – फिरती विशेष शिक्षिका

भाऊ, तुमच्या भाच्याबाबत तुमचं बरोबर आहे. खुणांची भाषा किंवा ब्रेल सवडीने शिकवायच्या गोष्टी नाहीत. पण सिकलसेलच्या मुलीला विशेष शाळेत का पाठवायचं? तिची बुद्धी, कान, डोळे सगळं शाबूत आहे. कमी दिसणाऱ्याला खिडकीची तिरीप फळ्यावर येणार नाही अशी पुढची जागा आणि लिहिताना अडणाऱ्याचं उत्तर तोंडी घेणं, एवढ्याने कितीतरी मुलं टिकतात.

प्रतिसाद 1 मधल्या सरांना सांगते, पदं भरलीच पाहिजेत, मी स्वतः त्यासाठी भांडते. पण खर्च होतो तोही धड होत नाही. एका शाळेत सहा इंच उंच पायरीला जेमतेम दोन फुटांचा उतार बांधला होता. एकास बाराच्या प्रमाणाने तो सहा फूट हवा. चाकाच्या खुर्चीतली मुलगी त्यावरून चढेना, दोघी मैत्रिणी तिला उचलून न्यायच्या. आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याला खेटे घालावे लागतात. वेचणीच्या हंगामात कोणती माय रोज बुडवून जाईल?

प्रतिसाद 5 – पालक

पाण्याला माझा विरोध नाही. पण चाचणी पुन्हा घेतली तर तोवर तिला प्रश्न कळलेले असतात. माझा मुलगा तापात असूनही पेपर देऊन आला.

धागाकर्ता

तापात पेपर द्यायला लावलं, हे तुमच्या मुलाच्या बाबतीतही चुकलंच. पुढच्या चाचणीपासून आजारी मुलाला, मग ते कोणतंही असो, नंतरची तारीख देईन आणि प्रश्न वेगळे काढीन. पाणी आणि लघवीची मुभा सोमवारपासून सगळ्या वर्गाला. मार्चमध्ये सकाळची शाळा सुटताना काय ऊन असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

वाशीमच्या सरांच्या जबाबदारीच्या प्रश्नावर मी आशाताई आणि मुलीच्या वडिलांना बसवून एक कागद केला आहे. कळ आली तर कोणाला फोन, गाडी कोणाची, कुठे न्यायचं. तो हजेरीपटात चिकटवला आहे.

प्रतिसाद 1 – सहायक शिक्षक, वाशीम

कागदाची कल्पना घेतो. पण माझं मत बदललं नाही. परवा मी रजेवर होतो, दुसऱ्या शिक्षकांची बैठक होती, आणि शाळा स्वयंपाकीण ताईंनी सांभाळली. त्या दिवशी तो कागद कोणी वाचला असता?