मेटामटेरियल अ‍ॅब्सॉर्बर : ‘शोषक’, ‘अवशोषक’ की आणखी काही?

प्रश्न : विद्युतचुंबकीय लहरी शोषणाऱ्या मेटामटेरियलच्या (बारीक आकृत्यांच्या मांडणीतून गुण मिळवलेल्या कृत्रिम द्रव्याच्या) रचनेवर मराठीत लेख लिहितो आहे. ‘शोषक’ लिहिलं की आधी शोषक-शोषित आठवतात. ‘अवशोषक’ बरा का? आणि मेटामटेरियलला ‘अधिद्रव्य’ म्हणावं का?

उत्तर : ‘शोषक’च ठेवा. शोषखड्डा म्हणताना कुणी अडखळत नाही, आणि ‘अव’ लावून अर्थात काही भर पडत नाही. माझा आग्रह क्रियापदाबद्दल आहे. शोषखड्ड्यात पाणी ‘जिरतं’, तशी इथे ऊर्जा ‘जिरते’ असं लिहा. कारण इथे दोन वेगळी कामं होतात. लहर पृष्ठभागावरून परत न फिरता आत शिरली पाहिजे. त्यासाठी पृष्ठभागाची प्रतिबाधा (इम्पीडन्स, म्हणजे लहरीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर) मोकळ्या अवकाशाच्या ३७७ ओहमशी जुळवतात. मग आत आलेल्या ऊर्जेची उष्णता झाली पाहिजे. नुसतं ‘शोषली’ म्हटलं की ही दोन्ही कामं एकात मिसळतात.

नेहमीची रचना बघा : एफआर-४च्या (सर्किट बोर्डांत वापरतात त्या काचतंतू-इपॉक्सीच्या) पातळ पाटीवर वरून तांब्याची नक्षी, खालून अखंड तांबं. खालच्या तांब्यामुळे पलीकडे काही जात नाही, म्हणजे सगळी मेहनत परावर्तन घालवण्याची. अनुनादाच्या वारंवारतेला (जिथे नक्षी लहरीला सर्वांत जोरात प्रतिसाद देते) नक्षीत आणि खालच्या तांब्यात विरुद्ध दिशांनी प्रवाह वाहतात, मधल्या थरात विद्युतक्षेत्र तीव्र होतं आणि ऊर्जा मुख्यतः तिथेच जिरते, तांब्यात कमी. त्यामुळे ‘तांबं लहरी शोषतं’ असं वाक्य कृपया लिहू नका!

दुसरं उत्तर : ‘अधिद्रव्य’ मला पटत नाही. त्यातून काही वेगळंच मूलद्रव्य असल्याचा भास होतो. इथे तांबं आणि पाटी दोन्ही साधी, गुण येतो तो घडणीतून, लहरीच्या लांबीपेक्षा लहान अशा आकृत्यांच्या मांडणीतून. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८मध्ये ज्यूटचे पीळ दिलेले धागे वापरून विद्युतलहरींचं ध्रुवीकरण (क्षेत्राच्या कंपनाची दिशा) फिरवून दाखवलं, तेही घडणीच्याच जोरावर. शब्द घडवायचाच तर ‘रचितद्रव्य’. नाहीतर प्रयोगशाळेत बोलतात तसं सरळ ‘मेटामटेरियल’ लिहावं.

प्रश्नकर्ता : ‘जिरणे’ आवडलं. पण लॅंडी, पॅडिला आणि सहकाऱ्यांच्या याच विषयावरच्या २००८च्या शोधनिबंधात ११.५ गिगाहर्ट्‌झला ८८ टक्क्यांहून जास्त अ‍ॅब्सॉर्बन्स (लहरीच्या ऊर्जेपैकी शोषला गेलेला वाटा) मोजलाय, गणिताने ९६ टक्के अपेक्षित होता. तिथे ‘८८ टक्के जिरण’ लिहू?

पहिल्या उत्तरातून पुढे : नको, कानाला खटकतं. राशीचं नाव ‘शोषण’च : १ या आकड्यातून (म्हणजे आलेल्या सगळ्या ऊर्जेतून) परावर्तन आणि पारगमन (पलीकडे गेलेला भाग) वजा केलं की उरतं ते. ‘८८ टक्क्यांहून अधिक शोषण मोजलं’ असं लिहा आणि ‘जिरणे’ पाटीच्या आत काय घडतं ते सांगताना वापरा.