दोन लाख व्ह्यूज झाले, पैसे कुठे अडकलेत?

कराडकर:
नमस्कार मंडळी. माझ्या वहिनीचं यूट्यूबवर स्वयंपाकाचं चॅनल आहे. शेंगोळे, आमटी, खर्डा, असं साधं गावाकडचं. मागच्या महिन्यात खर्ड्याच्या एका शॉर्टला दोन लाखांवर व्ह्यूज मिळाले आणि तेव्हापासून भावकीत तिची कमाई ज्याने त्याने ठरवून टाकलीय. सगळ्यात कमी आकडा चाळीस हजार! खात्यात मात्र शून्य. सबस्क्रायबर सहाशेच्या आसपास आहेत. कुठलं तरी बटण दाबायचं राहिलंय, असं तिला वाटतंय. पैसे नेमके येतात कसे? आणि एक जण 'मॉनिटायझेशन करून देतो, पाच हजार द्या' म्हणतोय. द्यावेत का?

निवांत_नाना:
आमच्याकडे तर एक व्ह्यू म्हणजे एक रुपया धरतात, तुमची भावकी त्या मानाने समंजस निघाली. त्या पाच हजारांचा वहिनींना माइक घेऊन द्या.

कटोरीवाली:
नानांना +१. मॉनिटायझेशनचा, म्हणजे चॅनलवर कमाई सुरू करायचा अर्ज फुकट असतो आणि आपल्याच यूट्यूब स्टुडिओ अ‍ॅपमधून करायचा असतो. कुणाला पासवर्ड तर मुळीच देऊ नका.

मी इचलकरंजीची. ब्लाउजचं कटिंग शिकवते, चॅनल बऱ्यापैकी चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बटण वगैरे काही राहिलेलं नाही. जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्याच्या जोडीला गेल्या बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. एक कोटी! दोन लाखांचं काय घेऊन बसलात. शिवाय शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. ५०० सबस्क्रायबरवाली एक अलीकडची पायरी आहे (३००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, आणि ९० दिवसांत तीन व्हिडिओ), पण तिथे फक्त सुपर थँक्स, मेंबरशिप असलं, म्हणजे प्रेक्षकांनी आपणहून दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचे नाहीत.

मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपले, ४५ यूट्यूबचे. शॉर्ट्सचं गणित वेगळं. सगळ्यांचे पैसे एकत्र गोळा होतात, व्ह्यूजच्या प्रमाणात वाटणी होते आणि आपल्या वाट्यातले ४५ टक्के हातात पडतात. त्यात गाणं लावलं असेल तर निम्मी रक्कम आधीच गाण्याच्या खात्यात जाते. वहिनींनी शॉर्टवर सिनेमाचं गाणं लावलंय ना? लावलंच असणार. तव्यावर तांब्याने खर्डा रगडतानाचा आवाज असताना गाणं कशाला हवं? मोठ्या व्हिडिओत कुणाचं गाणं वाजलं आणि मालकाने हक्क सांगितला, की अख्खी जाहिरात त्याच्या नावावर जाते.

व्हिडिओ आठ मिनिटांच्या पुढे गेला की मध्ये जाहिराती टाकता येतात. काही जणींना 'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणायलाच दीड मिनिट का लागतं, ते आता कळलं असेल. मी नाही करत. बाई कापड अंथरून, कात्री हातात घेऊन बसलेली असते, ती वैतागते.

आता आकडे. हजार व्ह्यूजमागे माझ्या हातात चाळीस-पन्नास रुपये पडतात, दिवाळीच्या तोंडावर थोडे जास्त, जानेवारीत पार आपटतात. अमेरिका, दुबईकडच्या मराठी बायकांनी पाहिलं की दर चढतो, पण त्या ब्लाउज शिवतात कमी. म्हणजे निव्वळ जाहिरातीवर घर चालत नाही, निदान माझं तरी नाही.

माझं घर पेपर कटिंगवर चालतं. 'मुंढ्याला झोळ का येतो' हा माझा एक व्हिडिओ आहे (मुंढा म्हणजे बाही जोडतात ती गोलाई). पाच-सहा हजारच व्ह्यूज असतील. त्यात मी चुकीच्या मापाचा ब्लाउज घालून दाखवला, पाठीमागून टाचणीने झोळ धरला आणि तो कागदावर किती कापायचा ते दाखवलं. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच: 'ताई, तयार पॅटर्न मिळेल का?' मग खाकी कागदावर पाठ, पुढचा भाग, कटोरी, बाही असा छाती २८ ते ४४चा सेट कापून कुरिअरने पाठवायला लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, जीपेवर पैसे. त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे चहापाण्याचे, पॅटर्नचे मात्र अजून येतात. माझ्या लाख व्ह्यूजवाल्या 'पाच मिनिटांत पिको' व्हिडिओतून एकही ऑर्डर आलेली नाही.

म्हणून वहिनींना सांगा, किती जणांनी पाहिलं ते सोडा, खाली काय विचारतायत ते वाचा.

कंपन्यांची कामंही येतात. एका दोरेवाल्यांनी माझ्याकडून व्हिडिओ करून घेतला आणि पुढे फोनच उचलला नाही. आता निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कॅमेरा लावत नाही. आणि पैसे घेतलेत तर व्हिडिओत तसं स्पष्ट सांगायचं, तो नियम आहे.

जमाखर्च:
वर छान लिहिलंय, मी फक्त कागदपत्रांचं जोडतो. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, त्यामुळे पत्त्यात वाडी, पोस्ट, तालुका नीट घाला. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. सुटले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. परदेशातून पैसे यायला लागतो तो बँकेचा स्विफ्ट कोड विचारून ठेवा. अमेरिकी कराचा फॉर्म पॅन घालून जरूर भरा. भारतातल्या माणसाचा तिथल्या प्रेक्षकांपुरत्या कमाईवर १५ टक्के कर कापतात, फॉर्मच नसेल तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. कंपनीने भेट दिलेला मिक्सर ठेवून घेतला तर तेही उत्पन्न. वर्षात वीस हजारांवरच्या अशा वस्तूंवर जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) आहे. काम झाल्यावर वस्तू परत केली तर तो लागत नाही.

कराडकर:
सगळ्यांचे आभार. पाच हजारवाल्याला ब्लॉक केलं. कटोरीवाली ताई, तुम्ही म्हणालात म्हणून कमेंट वाचल्या. अर्ध्या बायका विचारतायत की आमटीत घातलेला काळा मसाला विकत मिळेल का. तो वहिनीच्या सासूबाई, म्हणजे माझी आईच करते. आई म्हणते, मसाला देईन, कॅमेऱ्यासमोर येणार नाही.

कटोरीवाली:
नका आणू त्यांना समोर, भाजतानाचे हात दिसले तरी पुरे. पाव किलोची पाकिटं करा, किलोची कुणी पहिल्यांदा घेत नाही. विकायच्या आधी एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी करून घ्या, तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. आणि कुरिअरचा खर्च किमतीत आधीच धरा. 'डिलिव्हरी वेगळी' म्हटलं की निम्म्या जणी गायब होतात.