प्रवेशास अपात्र ठरवलेल्या माणसाला तात्पुरता परवाना मिळतो का? तातडीने मदत हवी आहे

सौ. निपाणीकर:
नमस्कार. माझ्या यजमानांचा व्हिसा नाकारला असून त्यांना प्रवेशास अपात्र ठरवले आहे. अशा माणसालाही थोड्या मुदतीसाठी तात्पुरता परवाना मिळू शकतो, असे बेळगावच्या एका एजंटाने सांगितले; मात्र कागदपत्रे कोणती आणि अर्ज कोठे करायचा, हे तो पैसे घेतल्याशिवाय सांगायला तयार नाही. भाचीचे लग्न डिसेंबरात आहे आणि हे तिचे एकुलते एक मामा आहेत. कोणी असा परवाना मिळवला असेल, तर कृपया लगेच कळवावे.

खानापूरकर:
वहिनी, देश कोणता आणि अपात्रतेचे कारण काय, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. नकारपत्रात कलमाचा क्रमांक असतो, तो जसाच्या तसा लिहा.

टिळकवाडी:
माझ्या मेहुण्यांना अमेरिकेची अशी सवलत तिथल्या स्थलांतर कायद्याच्या कलम 212(डी)(3) खाली मिळाली होती. मुलाखतीत त्यांनी स्वतःहून सवलत मागितली, वकिलातीतील अधिकाऱ्याने शिफारस केली आणि निर्णय तिकडच्या सीमा सुरक्षा विभागाने दिला. आपणही मुलाखतीतच विषय काढावा, हा माझा आग्रह आहे.

सौ. निपाणीकर:
देश कॅनडा आहे. नणंद ब्रॅम्प्टनला असते. पत्रात तिथल्या स्थलांतर कायद्याचे कलम 36(1) लिहिले आहे. मद्य घेऊन गाडी चालवल्याबद्दल ह्यांनी दंड भरला होता आणि ते प्रकरण तेव्हाच मिटले होते. अर्जात आम्ही ते लपवलेही नव्हते.

खानापूरकर:
मग अमेरिकेची वाट इथे उपयोगाची नाही. कॅनडात 18 डिसेंबर 2018 पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे झाली, म्हणून तिकडचे अधिकारी तो 36(1) मधील गंभीर गुन्हा धरतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला, म्हणजे दोषसिद्धी झाली. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर पुनर्वसनाचा, म्हणजे माणूस सुधारला आहे हे मान्य करून घेण्याचा, अर्ज करता येतो व तो मंजूर झाला, तर ही अपात्रता कायमची जाते. त्याआधी जायचे असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 24 चा तात्पुरता निवास परवाना हाच मार्ग. प्रवासाची गरज आणि तिथल्या समाजाला असलेला धोका, यांची तुलना करून अधिकारी निर्णय घेतो. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, तो कधीही रद्द होऊ शकतो आणि पुन्हा प्रवेशाची मुभा दिलेली नसेल, तर देश सोडताच संपतो. दंड कोणत्या साली भरला आणि लायसन्स निलंबित झाले होते का, हे मात्र आपण सांगितलेले नाही.

शहापूरवाला:
इतक्या भानगडीत पडण्यापेक्षा दुसऱ्या एजंटाकडून नवा अर्ज करावा आणि त्यात दंडाचा उल्लेखच टाळावा. आमच्या गल्लीतील दोघे असेच गेले.

खानापूरकर:
हा सल्ला घातक आहे. पहिला अर्ज त्यांच्या नोंदीत आहेच. माहिती दडवल्याचे दिसले, तर कलम 40 खाली आणखी पाच वर्षांची बंदी येते. पैसे घेऊन असे काम करण्याचा अधिकार फक्त कॅनडातील वकिलांना आणि तिथल्या नियामक संस्थेचा परवाना असलेल्या सल्लागारांना आहे, हे त्या एजंटालाही विचारावे.

वकील, बेळगाव:
मूळ मुद्दा सुटतो आहे. आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की गुन्हा होतो, कॅनडात ही मर्यादा 80 आहे. तपासणीतला आकडा 80 पेक्षा कमी असेल, तर हा गुन्हा तिकडच्या गुन्ह्याशी समतुल्य नाही, म्हणून अपात्रताच लागू होत नाही, असे प्रथम मांडावे. परवाना मागणे म्हणजे अपात्रता मान्य करणे होय.

खानापूरकर:
वकीलसाहेब, तिथे आकड्याशिवायही, नशेमुळे वाहन चालवण्याची क्षमता कमी झाली असेल, तरी गुन्हा होतो. केवळ आकड्यावर विसंबून डिसेंबर गाठणे मला धोक्याचे वाटते. समतुल्यतेचा मुद्दा मांडावा आणि तो अमान्य झाल्यास परवाना द्यावा, अशी पर्यायी विनंती त्याच पत्रात करावी.

येळ्ळूरकर:
निकाल कन्नडमध्ये असेल, तर प्रथम मराठी प्रत मागा. सीमाभागात मराठी भाषिकांना मराठीत कागद मिळणे, हा आपला हक्क आहे आणि तो सोडता कामा नये.

वकील, बेळगाव:
हक्काविषयी दुमत नाही, पण व्हिसा कार्यालयाला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतरच लागते, तेही अनुवादकाच्या प्रतिज्ञापत्रासह.

सौ. निपाणीकर:
सर्वांची आभारी आहे. गुन्हा कागलजवळ झाला, त्यामुळे कागद मराठीतच आहेत. दंड फेब्रुवारी 2023 मध्ये भरला आणि लायसन्स त्या दिवसापासून सहा महिने निलंबित होते. लग्नाचे कारण अधिकाऱ्याला पुरेसे वाटेल का?

खानापूरकर:
निलंबन न्यायालयाच्या शिक्षेचाच भाग असेल, तर पाच वर्षे ते संपल्यापासून, म्हणजे ऑगस्ट 2023 पासून मोजावी लागतील. डिसेंबरच्या लग्नाला जायचे, तर परवानाच हवा. केवळ ‘लग्न आहे’ एवढे लिहू नका. आपल्याकडे मामाच भाचीला मांडवात आणतो, अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी उभा राहतो आणि हे एकच मामा आहेत, हे तिकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक असणार नाही. म्हणून नणंदेच्या पत्रात ते सविस्तर यावे. त्यासोबत पत्रिका, परतीच्या प्रवासाचा आणि इथल्या शेतीचा वा व्यवसायाचा पुरावा, पोलिसांचा दाखला आणि त्यानंतर पुन्हा गुन्हा घडलेला नाही, असे निवेदन जोडा. भारतीयांनी ही विनंती पर्यटक व्हिसाच्या नव्या अर्जासोबतच करायची असते. परवान्याचे शुल्क मात्र वेगळे असून नकार आला तरी परत मिळत नाही.

वकील, बेळगाव:
निकालाच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या प्रमाणित प्रतींसाठी त्याच न्यायालयात उद्याच अर्ज करा. आकडा समजला की इथे लिहा, मग पत्राचा क्रम ठरवू.