आंबा उष्ण पडला की चीक लागला?

स्नेहल, बी-३०४: कुणाला जवळपासचे चांगले स्किनवाले डॉक्टर माहितीयेत का? अद्वैतच्या तोंडाभोवती लाल चट्टे आलेत, रात्रभर खाजवत होता. परवा बाल्कनीत बसून आंबा चोखून खाल्ला, एवढंच 😕

पाटील काका, ए-१०२: उष्ण पडला. आधी दोन तास बादलीत टाकायचे

केतकी, सी-२०१: काका बादली बरोबर, कारण चुकीचं 😀 देठाजवळचा चीक थोडाफार धुतला जातो म्हणून बरं पडतं

स्नेहल, बी-३०४: अगं पण पहिल्या पेटीतले तर रोज खाल्ले तेव्हा काहीच नाही झालं

केतकी, सी-२०१: तीच तर गंमत आहे. मी लॅबवाली, डॉक्टर नाही, तरी सांगते. चिकातला तो रेणू एवढुसा असतो की नुसत्या त्याच्याकडे आपली इम्युन सिस्टीम ढुंकूनही बघत नाही, पण तो कातडीत शिरतो आणि आपल्याच प्रोटीनला चिकटून बसतो, मग ते प्रोटीनच शरीराला परकं वाटायला लागतं, कातडीतल्या पेशी ते उचलून लिम्फ नोडमध्ये, म्हणजे मानेत-काखेत असतात त्या गाठींमध्ये, नेऊन दाखवतात आणि तिथे त्याला ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे इम्युन सिस्टीमच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. यात दहा-बारा दिवस जातात, वरून काही कळत नाही. पुढच्या वेळी चीक लागला की एक-दोन दिवसांत चट्टे. असल्या छोट्या रेणूला हॅप्टन म्हणतात, ब्लड ग्रुप शोधणाऱ्या लँडस्टायनरनेच दिलेलं नाव

कुलकर्णी आजी, ए-४०१: बिबा उततो तसंच का ग हे? आमच्या सासूबाई काटा मोडला की बिब्याचा चटका द्यायच्या. धाकट्या जावेचा पाय हा एवढा सुजला, फोड आले, मला ढिम्म काही नाही

केतकी, सी-२०१: आजी 👏 बिबा, काजू, आंबा एकाच कुळातले. बिब्यात, काजूच्या टरफलात, आंब्याच्या चिकात साधारण एकाच जातीची द्रव्यं, म्हणून एक उतलं की दुसरंही उतू शकतं

रोहित, सी-५०२: धोबी कपड्यावर बिब्याने खूण करायचे ना, दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर त्याने पुरळ यायचं. बरं, सेटिरिझिन, ती अ‍ॅलर्जीची गोळी, दिली तर?

केतकी, सी-२०१: झोप लागेल जरा, चट्टे नाही जाणार, ती गोळी खाज आणणाऱ्या हिस्टामिनला अडवते आणि यात हिस्टामिनचा फारसा हात नसतो. रक्ताच्या अ‍ॅलर्जी टेस्टमध्येही हे सापडत नाही, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी बघावं लागतं. पण खाल्ल्या खाल्ल्या ओठ सुजले, गांधी उठल्या, दम लागला तर ते प्रकरण वेगळं, तेव्हा ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा

स्नेहल, बी-३०४: नाही ग तसलं काही नाही. म्हणजे आता आंबा बंद??

केतकी, सी-२०१: आधी डॉक्टरांना दाखव. गर बहुतेकांना चालतो, साल आणि देठ नडतात. बरं झाल्यावर धुवून, साल काढून फोडी करून दे, चोखायला नको

पाटील काका, ए-१०२: तोवर दुसरी पेटी आमच्याकडे पाठवा 😁

कुलकर्णी आजी, ए-४०१: केतकी, डिंकाच्या लाडूत मी गोडंबी घालते ती बिब्याचीच ना ग? थंडीत सगळ्या विंगने खाल्लेत

केतकी, सी-२०१: हो आजी, आतली बी. तेल टरफलात असतं. कुणी तक्रार केली होती का?

कुलकर्णी आजी, ए-४०१: तक्रार कसली, डबे परत नाही आले अजून